शेवटच्या पाण्याचा रकाना

३ मार्च

प्रिय चिमणे,

कॉन्व्हेंट शाळेच्या मागच्या दगडी जिन्यावर आपण दोघी एकच पुस्तक मांडीवर घेऊन वाचायचो, आठवतं? डावं पान माझ्या गुडघ्यावर, उजवं तुझ्या. तुझं वाचून आधी व्हायचं. मग तू पानाच्या कोपऱ्याखाली बोट घालून गप्प बसून राहायचीस, माझं होईपर्यंत. एकदाही "झालं का?" म्हणाली नाहीस. सिस्टर वरून जाताना म्हणायच्या, "बघा, दोन डोकी आणि एक पुस्तक, कशी शहाण्यासारखी बसली आहेत." मावसबहिणी असून लोक आपल्याला सख्ख्या समजायचे ते उगीच नाही.

आज सकाळी काही कारण नसताना ते आठवलं. कारण नसताना म्हणणंही खोटंच. कारण आहे, आणि ते तुला सांगायचं म्हणून चार वेळा फोन केला. चारही वेळा तू मीटिंगमध्ये. पत्राला मीटिंग नसते, म्हणून लिहिते.

आमच्या जावयांना कामावरून निलंबित केलं आहे.

ते बस डेपोत टाकीवर आहेत, हे लेकीच्या लग्नात तुला सांगितलं होतं, पण तुझ्या लक्षात नसेल. बसगाड्या धुतल्या की तेलकट पाणी एका टाकीत जमतं. त्यातलं तेल काढायचं आणि मग झडप उघडून पाणी कालव्यात सोडायचं, हे त्यांचं काम. आणि त्या टाकीवर गेल्या वर्षापासून कुणाचा पडदा आहे? आपला. हो, तोच. कोमट पाण्यात तेल धरून ठेवणारा आणि गार पाण्यात बुडवला की ते सोडून देणारा, अशा कोमट-गार फेऱ्या करत फिरून फिरून वापरता येणारा. तो आला त्या दिवशी जावई घरात शिरताशिरता म्हणाले, "आई, तुमच्या बहिणीचा हुशार पडदा आला बरं का. आमच्या फिटरने त्याचं नाव पोतेरं ठेवलंय." मी लटकं रागावले. खरं सांगू, मला इतका अभिमान वाटला की संध्याकाळभर मी त्याच्याबद्दलच बोलत होते. तेवीस वर्षं तुझ्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून बाटल्या विसळल्या, वह्या भरल्या, त्याचं चीज झालं असं वाटलं.

पण डेपोतला पडदा बाराव्या-तेराव्या फेरीपासून तेल धरेना. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग राहायला लागला. जावयांनी तक्रारवहीत दोनदा लिहिलं, नवा पडदा मागितला. व्यवस्थापकाने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर लिहिलं आहे, 'शंभर फेऱ्यांपर्यंत पडदा बदलू नये.' तो म्हणाला, "शास्त्रज्ञांपेक्षा तू शहाणा का? पाणी सोड, टाकी भरलीय." जावयांनी झडप उघडली.

कालव्याच्या खालच्या अंगाला एक बाई बदकं पाळते. परवा ती आमच्या दारात आली. हातात मेलेलं बदक होतं, ते तिने पायपुसण्यावर ठेवलं.

"टाकीवाले राहतात ते हेच घर का?"

मी म्हटलं, "हो. आत या ना."

"आत कशाला येऊ? बाई, तुम्ही कधी बदक बुडालेलं पाहिलंय? बदक! दोनशे दहा बुडाली माझी. तेलाने पिसं चिकटली, पाणी आत गेलं, जड होऊन एकेक खाली गेली. मी काठावर उभी राहून बघत होते."

लेक म्हणाली, "अहो, यांची चूक नाही. तो पडदाच—"

"पडदा काय आपल्या पायांनी गेला कालव्यात? झडप कुणी उघडली?"

जावई आतून बाहेर आले. म्हणाले, "मी उघडली." बस, एवढंच. ती बाई त्यांच्याकडे बघत राहिली आणि निघून गेली. बदक तिथेच. आम्ही ते मागच्या अंगणात पुरलं.

एकवीस एप्रिलला चौकशी आहे. एकदा येऊन तो पडदा बघून जा, किंवा समितीला दोन ओळी लिही. तुझ्या दोन ओळींनी त्यांची नोकरी आणि नाव दोन्ही वाचेल. प्रकृतीला जप.

तुझी,
ताई


१२ मार्च

प्रिय ताई,

तुझं अक्षर पाकिटावर पाहिलं आणि दोन मीटिंगांच्या मधली दहा मिनिटं वसूल झाली. जिना आठवतो. तू इतकी सावकाश वाचायचीस की मी खालची ओळ तीनदा वाचून पाठ करायचे, हे तुला आज सांगते.

जावयांचं वाचून वाईट वाटलं. पण तू घाबरून जाऊ नकोस. अशा चौकश्या होतात आणि मिटतात. मी संस्थेची माणूस, डेपोच्या अंतर्गत बाबीत मी पडणं योग्य दिसणार नाही, हे तू समजू शकतेस.

पडद्याबद्दल मात्र तू मनात काही आणू नकोस. तो बाराव्या फेरीत निकामी होणं शक्यच नाही. गार टाकीत पूर्ण वीस मिनिटं बुडवायला हवा, लोक घाईत पाच मिनिटांत बाहेर काढतात. कुणी त्यावर साबण, सोडा असलं काही लावलं का तेही विचार. सूचनापत्रकात मी ठळक अक्षरांत लिहिलं आहे, साध्या पाण्याखेरीज कशानेही धुऊ नये. जावयांना प्रेमाने विचारून बघ, पुरुषमाणसं चटकन कबूल करत नाहीत.

दुसरं म्हणजे आनंदाची बातमी. मेअखेरीला मी निवृत्त होते आहे आणि संस्था समारंभ करणार आहे. मी त्यांना सांगितलं, भाषणं कुणाचीही ठेवा, पण एक भाषण माझ्या ताईचं हवं. प्रयोगशाळेच्या आठवणी सांग. तो पडदा आपल्या दोघींचा आहे, हे लोकांना तुझ्या तोंडून कळू दे.

तुझी,
चिमणी


२० मार्च

डॉक्टरीणबाई,

हा मायना वाचून दचकलीस ना? दचक. मीही दचकले.

काल लेकीला घेऊन डेपोच्या कार्यालयात गेले होते. जावयांच्या प्रकरणाची फाईल बघण्याचा हक्क त्यांच्या घरच्यांना आहे. कारकून भला माणूस, त्याने खुर्ची दिली, पंखा लावला, फाईल समोर ठेवली. त्यातला तिसरा कागद संस्थेच्या शिक्क्याचा. 'पडद्याची क्षमता शंभर फेऱ्यांपर्यंत सिद्ध झालेली आहे. झालेली गळती हा हाताळणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा परिणाम दिसतो.' खाली सही. ती सही मी तेवीस वर्षं पाहिली आहे, शेवटच्या अक्षराला तू शेपूट काढतेस तशीच शेपटी. तारीख चोवीस फेब्रुवारी.

माझं पत्र तीन मार्चचं. म्हणजे मी तुला दोन ओळी लिही म्हणून विनवत होते तेव्हा तू त्या लिहून, घडी घालून पाठवूनसुद्धा दिल्या होत्यास. आणि मला बारा तारखेला लिहितेस, डेपोच्या बाबीत पडणं योग्य दिसणार नाही! पडून मोकळी झालीस ते?

मी कारकुनाला विचारलं, "बाई इथे आल्या होत्या का पडदा बघायला?" तो म्हणाला, "नाही हो. फोन आला होता तिकडून, किती वाजेपर्यंत मत हवं म्हणून. दुपारी तीनला मागितलं, साडेतीनला आलं." अर्धा तास, चिमणे. आपल्या प्रयोगशाळेत एक तुकडा कोमट व्हायला अर्धा तास लागायचा.

जावयांना प्रेमाने विचार म्हणालीस. विचारलं. ते म्हणाले, "आई, गार टाकीत वीस मिनिटं ठेवतो. भिंतीवर खडूने वेळ लिहितो, या बघायला. पडद्यावर पांढरं पुट चढत होतं, मला तो सोड्याने धुवावासा वाटत होता. पण पत्रकात मनाई आहे ना, म्हणून हात लावला नाही." ऐकलंस? तुझं ऐकलं म्हणून त्यांना निष्काळजी ठरवलंस.

भाषणासाठी मी तीन पानं लिहून काढली होती. तुझं पत्र आलं त्याच दुपारी, इतका आनंद झाला होता. ती पानं आता भाजी निवडायला खाली अंथरली आहेत.

ताई


२७ मार्च

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मलाही राग आला, तेव्हा तोही ऐकून घे.

ते मत मी लिहिलं तेव्हा तो टाकीवाला तुझा जावई आहे हे मला ठाऊक नव्हतं. फाईलमध्ये नाव नव्हतं, 'टाकी कामगार' एवढंच होतं. असली पत्रं महिन्याला चार येतात. कुठे पडदा फाटतो, कुठे त्यावर ट्रक जातो, आणि दोष येतो माझ्यावर. तुझं पत्र आल्यावर मला कळलं, आणि तुला कसं सांगावं हे सुचलं नाही. भ्याले म्हण हवं तर. पण खोटं मी काही लिहिलेलं नाही.

कारण ते 'शंभर' माझं नाही, ताई. ते तुझं आहे. शंभर फेऱ्या कुणी केल्या? तू. कोमट पाण्यात कुणी बुडवलं, गार पाण्यात कुणी बुडवलं, सुटलेलं तेल कुणी मोजलं? तू. मी तेव्हा शोधनिबंध लिहीत होते, परिषदांना जात होते. वही तुझ्या हातची आहे. शंभराव्या फेरीला पडद्याने शंभरातले सत्त्याण्णव भाग तेल धरलं, हे तुझ्या टपोऱ्या कॉन्व्हेंटी अक्षरात लिहिलेलं आहे. मी त्या अक्षरावर विश्वास ठेवला. तेवीस वर्षं ठेवला. आता बारावी फेरी खरी असेल तर तुझी वही खोटी, आणि वही खरी असेल तर जावई खोटे. दोन्ही बाजू तुझ्याच. ठरव.

पंखा लावणाऱ्या कारकुनाचं कौतुक लिहितेस. मी तुला माझ्या प्रयोगशाळेत आणलं, तुझे यजमान गेल्यावर, पदवी नसताना, संस्थेशी भांडून. ते कुठल्याच पत्रात लिहीत नाहीस.

चिमणी


८ एप्रिल

चिमणे,

बारा दिवस उत्तर दिलं नाही. भांडण सुचत नव्हतं म्हणून नाही. पडताळून बघत होते.

 तुझं पत्र वाचून झाल्यावर माळ्यावरून मूळ वही काढली, निवृत्त होताना घरी आणलेली. पानोपानी बघितलं. एकही आकडा मी मनाचा घातलेला नाही. म्हणजे वही खरी. आणि जावई खोटं बोलत नाहीत, हे मला त्या बदकवालीसमोर कळलं होतं. दोन्ही खरं कसं असेल?

फिटरला म्हटलं, "भाऊ, त्या पोतेऱ्याचा कोपरा मिळेल का?" त्याने काढून टाकलेल्या पडद्याचा वीतभर तुकडा पिशवीत घालून आणून दिला. म्हणाला, "आजी, याची फरशीसुद्धा पुसता येत नाही हो." हाताला खरखरीत लागला. उजेडात धरला तर किटलीच्या आत बसतो तसा पांढरा थर. क्षार, चिमणे. डेपोचं पाणी जड आहे. पण जड पाणी तर आपल्याही नळाला होतं. नळाचंच पाणी वापरायचं, खऱ्या जगासारखं, असा तुझा आग्रह होता. मग आपल्या तुकड्यावर हा थर का नव्हता?

शिवणाच्या डब्यात माझ्या निवृत्तीच्या दिवशी आणलेला एक कोरा तुकडा होता, हातरुमालाएवढा. तो काढला. ओट्यावर दोन पातेली मांडली, एकात बोटाला जेमतेम सोसेल इतकं कोमट पाणी आणि त्यात चमचाभर गाडीचं तेल, दुसऱ्यात गार पाणी. पत्रकात लिहिलंय तसंच, एक अक्षर इकडेतिकडे नाही. लेक म्हणाली, "आई, घरभर गॅरेजचा वास सुटलाय." दोन दिवस लागले. अकराव्या फेरीपर्यंत व्यवस्थित. बाराव्या फेरीला तुकडा वर उचलला आणि पाण्यावर तवंग तसाच राहिला. डेपोतल्यासारखा.

तेव्हा माझा हात आपोआप फडताळाकडे गेला. व्हिनेगरच्या बाटलीकडे.

तुला ते ठाऊक नाही. ठाऊक असायचं कारण नाही. शाळेत धुण्याच्या सिस्टर आम्हाला शिकवायच्या, आधी साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग शेवटचं पाणी. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर, म्हणजे जड पाण्याचा थर कापडावर बसत नाही आणि कॉलर कडक होत नाही. तू शिकली नाहीस, कारण तुझेही रुमाल आणि कॉलरी मीच धुवायचे. तू तेव्हा वाचत असायचीस. मला त्यात काही वाटायचं नाही, वाचू दे, हुशार आहे, असं वाटायचं.

प्रयोगशाळेत रोज घरी जाताना मी पडद्याचे तुकडे शेवटच्या पाण्यातून काढायचे. रोज. कुणी सांगितलं नव्हतं. ओलं कापड तसंच टाकून जाणं मला जमायचं नाही, एवढंच. बाटली तेवीस वर्षं मोरीवर उभी होती.

फिटरने आणलेला तो खरखरीत तुकडा मी व्हिनेगरच्या पाण्यात तासभर ठेवला. थर सुटला. कोमट पाण्यात बुडवला आणि त्याने तेल धरलं, चिमणे. गार पाण्यात सोडलंही. मी ओट्याशी उभी राहून रडले. तुझा पडदा वाईट नाही. तो नुसता धुवायचा होता.

म्हणजे चूक माझी. ती मी घेते, आणि कुणाच्या अंगावर ढकलत नाही. पण आता तुझी ऐक. वही उघडून बघ म्हटलं असतं, पण वही माझ्याकडे आहे, म्हणून मीच सांगते. चौथ्या पानापासून शेवटपर्यंत उजव्या कडेला एक अरुंद रकाना आहे. डोक्यावर लिहिलंय 'शे. पा.' आणि खाली रोजची बरोबरची खूण. मी लपवलं नव्हतं. मी लिहिलं होतं, कारण सिस्टर म्हणायच्या, हाताने केलं ते वहीत आलं पाहिजे. आणि त्या रकान्यावर आडवी रेघ आहे, पेन्सिलीने, आणि शेजारी तुझ्या अक्षरात 'अनावश्यक'.

निबंधात तो रकाना आलाच नाही. सूचनापत्रकात तर उलटच आलं, साध्या पाण्याखेरीज कशानेही धुऊ नये. माझ्या मेहनतीचे शंभर घेतलेस आणि मेहनत पुसलीस. मोरीवरची बाई जे करते ते शास्त्र नसतं, असंच ना? तसं तू कधी बोलली नाहीस, पेन्सिलीने मात्र लिहिलंस.

एकवीस तारखेच्या आत समितीला कळव. स्वतः कळव. मी वाट बघते आहे.

ताई


१४ एप्रिल

ताई,

हे हाताने लिहिते आहे, संस्थेच्या यंत्रावर नाही, आणि तू हे कुणाला दाखवू नकोस.

मला तो रकाना आठवतो. मी तुला विचारलं होतं, ताई, हे शे. पा. काय आहे? तू हसून म्हणालीस, "अगं काही नाही, माझी सवय." मी तुझं ऐकून रेघ मारली. हे तुझ्या पत्रात नाही. पुढे काही विचारलं नाही हे माझं. पण पहिलं उत्तर तुझं होतं.

आता परिस्थिती बघ. पडदे एकोणीस ठिकाणी बसले आहेत. मी आज समितीला लिहिलं की शंभर नाही, अकरा, तर एकोणीस ठिकाणी पडदे उतरवतील आणि कुणी पुन्हा बसवणार नाही. व्हिनेगरची गोष्ट ऐकायला कुणी थांबणार नाही, सगळे हसतील. तू म्हणालीस तसा तो वाईट नाही. मग त्याला मारायचं कशाला? माझ्याकडे त्याच्याशिवाय दुसरं आहे काय? तुला लेक आहे, जावई आहेत, ओट्याशी उभं राहून रडायला घर आहे. मला चाळीस वर्षांत हे एक झालं.

तू वही माझ्याकडे पाठवून दे. मी सहा महिन्यांत सूचनापत्रकाची नवी आवृत्ती काढते, त्यात 'सौम्य आम्लाने धुवावे' अशी ओळ घालते. हळूहळू सगळं दुरुस्त होईल आणि कुणाला काही कळायची गरज पडणार नाही. जावयांची नोकरी गेलीच, तर मी त्यांना संस्थेच्या देखभाल विभागात लावून घेते, शब्द देते. डेपोपेक्षा चांगलं काम आहे.

ताई, पान उलटायला मी नेहमी थांबायचे. एकदा तू माझ्यासाठी थांब.

तुझीच,
चिमणी


१९ एप्रिल

चिमणे,

तुझं पत्र मी कुणाला दाखवणार नव्हते. पण त्यात जावयांबद्दल शब्द दिला होतास, तो त्यांचा होता, म्हणून तेवढं त्यांना वाचून दाखवलं. ते दाढी करत होते. आरशातच बघत म्हणाले, "त्यांना सांगा, मी झडप उघडली हे मी कबूल केलंय आणि त्याची शिक्षा घेईन. पण मी कामचुकार नाही, हे लिहून द्यायचं तर द्या. नोकरी देऊ नका." लेक म्हणाली, "अहो, निदान विचार तरी करा." ते म्हणाले, "केला." एवढं बोलून गाल खरवडत राहिले.

माझी सवय म्हणाले होते, हे खरं आहे. तुझं पत्र वाचल्यावर आठवलं, अगदी तसंच हसून म्हणाले होते. त्या हसण्याचाही मला आता राग येतो. आयुष्यभर जे नीट केलं त्याला मी 'काही नाही' म्हणत आले, आणि तू मान हलवत आलीस. समितीपुढे हेही सांगणार आहे. तुझ्या एकटीच्या माथी मारणार नाही, भिऊ नकोस.

पण तुझं ते 'सहा महिन्यांत' आणि 'हळूहळू'! एकोणीस ठिकाणी एकोणीस झडपा आहेत, चिमणे. प्रत्येकीवर कुणीतरी माणूस आहे, त्याच्या डोक्यावर तुझी पाटी आहे, आणि खाली पाणी जातं तिथे कुणीतरी आहे. आज बारावी फेरी कुठे चालू असेल, तुला माहीत आहे? मला नाही. हे एक वाक्य मनात आलं की मला जेवण जात नाही, आणि तू आवृत्ती काढतेस.

आणखी एक सांगते, म्हणजे मी फार सोवळी आहे असं तुला वाटायला नको. टाकी कामगार माझा जावई नसता, तर मी तरी ती फाईल बघायला गेले असते का? नसते. तुझं मत बरोबर, तो आळशी, असं म्हणून मोकळी झाले असते. तू लिहिलंस, तो माझा जावई आहे हे ठाऊक नव्हतं, म्हणजे असतं तर वेगळं लिहिलं असतंस. त्या ओळीने मला सर्वांत जास्त राग आला, आणि मग लक्षात आलं की तीच ओळ माझीही आहे.

मी थांबू शकत नाही. तुझ्यासाठी थांबावंसं वाटतं, फार वाटतं, म्हणूनच लगेच करते आहे. आता कुणाला काय जायचं ते लिहिते, नीट वाच.

मूळ वही परवा चौकशी समितीला. मी स्वतः हातात देणार, चौथं पान उघडून. सोबत तुकडे दोन, एक थराचा आणि एक धुतलेला, आणि फिटर दोन पातेली घेऊन येणार आहे. हसायचं त्यांनी हसावं, पाणी कोमट होईपर्यंत त्यांना वेळ आहेच.

वहीची नक्कल एकोणीस ठिकाणी कालच रजिस्टरने गेली. पत्ते त्या पंखा लावणाऱ्या कारकुनाने मिळवून दिले. व्यवस्थापकांच्या नावे नाही. पाकिटावर 'टाकीवर काम करणाऱ्यास' असं लिहिलं आहे. आत एक कागद, माझ्या अक्षरात: पुढचा हुकूम येईपर्यंत दर अकरा फेऱ्यांच्या आत पडदा शेवटच्या पाण्यातून काढावा, पाण्याच्या बादलीला अर्धी वाटी व्हिनेगर, तासभर. तवंग दिसला तर झडप उघडू नये, कुणीही सांगितलं तरी. खाली माझी सही आणि घरचा पत्ता.

तुझी चौदा तारखेची चिठ्ठी या पाकिटात परत केली आहे. ती समितीला मिळणार नाही. ती बहिणीने बहिणीला लिहिली होती.

निवृत्तीच्या वेळी संस्थेने मला दिलेली मानपत्राची चौकट, ती 'निष्ठावान सेवेबद्दल' लिहिलेली, फिटरबरोबर तुझ्या कार्यालयात पाठवते. तिथे लावू नकोस, ठेवायची तिथे ठेव.

तुझे शाळेतले दोन रुमाल इतकी वर्षं माझ्याकडे होते. ते लेकीला दिले. ते परत मागू नकोस.

आणि या पाकिटात दुसरं एक पाकीट आहे, तिकीट लावलेलं. वर बदकवालीचा पत्ता. पत्ता मी तिच्याकडे जाऊन लिहून आणला. तिने दार अर्धंच उघडलं. म्हणाली, "आता काय आणलंत?" मी म्हटलं, "काही नाही, पत्ता हवाय." "कशाला?" "तुम्हाला एक पत्र येणार आहे." ती म्हणाली, "टाकीवाल्याचं?" मी म्हटलं, "नाही, पडदा ज्यांनी केला त्यांचं." तिने माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि सांगितला पत्ता. तिला वाचता येतं, ते मी विचारून घेतलं.

आत वहीतलंच एक कोरं पान आहे, रेघांचं. त्यावर तुझ्या हाताने लिही की शंभर नव्हते, अकरा होते. का ते लिही, तिला समजेल अशा भाषेत. टाकीवाल्याने सांगितल्याप्रमाणे केलं, हे लिही. खाली सही कर, शेपटीसकट. मला प्रत पाठवू नकोस. आणि पाकीट टाकायला शिपायाला सांगू नकोस, स्वतः पेटीपर्यंत चालत जा.

ताई